अनोळखी हाताची मूठ

माणूस जनावरापासून वेगळा झाला तो भाषेमुळे नव्हे, आगीमुळेही नव्हे, तर हाताला नीट बसणाऱ्या मुठीमुळे, असं मॉरिस टकवेलचं ठाम मत होतं. हे मत तो बावीस वर्षं मांडत आला होता आणि श्रोत्यांपैकी एकानेही कधी ते खोडून काढलं नव्हतं. श्रोते बहुतेक वेळा पॉसम असत, आणि मेलेले असत.

पॉसम हा मांजराएवढा केसाळ प्राणी; तो गरम असतानाच त्याची लोकर उपटावी लागते. गार झाला की कातडी केस सोडत नाही. त्यामुळे मेल्यानंतरची पहिली काही मिनिटं पॉसम आणि मॉरिस एकमेकांच्या फार जवळ असत आणि जे काय बोलायचं ते मॉरिसला तेवढ्यात उरकावं लागे. वर्षातले आठ महिने तो माकावा नदीच्या खोऱ्यात सापळे लावून काढी. खोऱ्यात वनखात्याचे तीन निवारे होते, खालचा, मधला आणि वरचा. एकेकात दोन-दोन आठवडे मुक्काम करत तो खालीवर फिरे. उरलेल्या चार महिन्यांसाठी पूर्वी घर होतं. आता बायको ब्रिस्बेनला, पोहण्याचे तलाव साफ करणाऱ्या एका गृहस्थाबरोबर राहत होती, आणि ते चार महिने मॉरिस हेलिकॉप्टरवाल्या रॉसच्या शेडमागच्या खोलीत बसून पाऊस बघे.

मुठीबद्दल एवढं मत असलेल्या माणसाची स्वतःची सुरी मात्र अगदी साधी होती. खाटकाची, सहा इंची पात्याची, बीच लाकडाच्या सरळ मुठीची. त्या मुठीच्या मागच्या टोकाला, खालच्या अंगाला एक कोपरा होता. कारखान्यातून आला तसाच. दिवसभर काम केलं की तो तळहाताच्या उशीत रुते आणि संध्याकाळी अंगठ्यापासून मनगटापर्यंत ठणका लागे. रोज संध्याकाळी मॉरिस ठरवी, हा कोपरा उद्या घासायचा. बावीस वर्षांत तो उद्या काही उगवला नव्हता.

मग एका मार्चमध्ये हवा फिरली, रॉस घाईघाईने त्याला न्यायला आला आणि सुरी मधल्या निवाऱ्यात चुलीवरच्या खिळ्याला टांगलेली राहिली. मे महिन्यात मॉरिस नवी सुरी घेऊन परत आला तर जुनी खिळ्यावर होती. त्याने ती सहज हातात घेतली आणि थबकला. हाताला काहीतरी कमी जाणवत होतं. कोपरा नव्हता.

कुणीतरी तो छिलला होता. खिशातल्या चाकूने, ओबडधोबड, पण बरोबर तिथेच आणि बरोबर तेवढाच. प्रथम त्याला वेकाचा संशय आला. वेका हा पक्षी उडत नाही, चालत येतो आणि चोरतो. चमचे चोरतो, मोजे चोरतो. एकदा एका वेकाने मॉरिसची खालची कवळी पळवली होती. पण मुठीचा कोपरा छिलून सुरी परत खिळ्याला टांगणं हे वेकाच्या स्वभावात बसत नाही.

त्या दिवशी मॉरिसने बारा पॉसम सोलले आणि संध्याकाळी हात ठणकला नाही. चहाचा मग घेऊन तो पायरीवर बसला आणि त्याला वाटलं, या खोऱ्यात आपल्याशिवाय आणखी कुणीतरी आहे ज्याला माहीत आहे, नेमकं कुठे दुखतं ते.

त्याने उत्तर दिलं. पात्याच्या पाठीवर जिथे अंगठा टेकतो तिथली कड कानशीने गोल केली, ओल्या दगडावर गुळगुळीत केली आणि वरच्या निवाऱ्याकडे निघताना सुरी परत खिळ्याला अडकवली. नवी सुरी पिशवीत होतीच.

जुलैत आला तेव्हा मुठीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलेला होता. ओल्या हातातून, रक्ताळलेल्या हातातून मूठ निसटू नये म्हणून. मॉरिस स्वतःशी हसला. त्याने ट्यूब काढली, मुठीच्या पोटाला सुतळीचे चार वेढे दिले, म्हणजे तळहाताची पोकळी भरून निघावी, आणि ट्यूब परत चढवली. ऑक्टोबरमध्ये मुठीच्या टोकाला भोक होतं, त्यात दोरी होती. दोरी जरा लांब होती. त्याने ती मनगटातून जाईल एवढी आखडली. फेब्रुवारीत मात्र कुणीतरी पात्याला चुकीच्या कोनात धार लावून ठेवली होती. हा नक्कीच कुणातरी मजेखातर रानात फिरणाऱ्या मूर्खाचा उद्योग. मॉरिसने त्या मूर्खाला अर्धा तास शिव्या घातल्या, धार नीट केली आणि मनातल्या मनात त्या दुसऱ्या हाताची माफी मागितली.

प्रत्येक निवाऱ्यात एक वही असते. नाव, तारीख, किती जण, कशासाठी आलात, पुढे कुठे. माणूस हरवला तर शोधणाऱ्यांना बरं पडावं म्हणून. मॉरिसने वही मार्चपासून पुढे वाचायला घेतली. शाळेची सहल, एकतीस जण. हॉलंडचे दोघे, सायकली खांद्यावर घेऊन खिंड ओलांडणारे. खात्याचा माणूस. मधुचंद्राला आलेलं एक जोडपं. त्यांनी 'पुढे कुठे' या रकान्यात 'माहीत नाही' लिहिलं होतं. ही सगळी नावं मॉरिसने डोळ्याआड केली. मजेखातर चालणाऱ्या माणसाला मूठ कळत नाही, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. ज्याचा हात रोज राबतो त्यालाच कोपरा रुततो.

राहिलं एकच नाव. दर सहा आठवड्यांनी, न चुकता, निळ्या शाईत: व्ही. पेंडर. किती जण: एक. कशासाठी: पाऊस मोजायला.

निवाऱ्यामागे नदीमंडळाचं पर्जन्यमापक होतं, हे त्याला ठाऊक होतं. ते कुणीतरी येऊन वाचत असेल हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. पेंडर यायची तेव्हा तो नेमका वरच्या निवाऱ्यात असायचा. रॉसला त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, तेव्हा कळलं की व्ही म्हणजे व्हॅल, नवरा वारलेला, साठीच्या आसपास, पूर्वी नर्स होती.

"का रे?" रॉस म्हणाला.

"काही नाही. वहीत अक्षर बघितलं."

"बघ बाबा. आधी अक्षर बघतात, मग माणूस."

दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीस रॉस सामान टाकायला आला. पीठ, कांदे, रॉकेल, आणि मॉरिसने मागवलेली एक वस्तू, जी त्याने दोन बोटांत धरून वर उचलली.

"साबण? तू साबण मागवलास? कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग जिवंत कोण आहे?"

मॉरिसने साबण खिशात घातला. रॉसने त्याला एक पत्रही दिलं. टिमारूहून, धाकट्या बहिणीचं.

"मॉरिस, मागची खोली रंगवून घेतली आहे. हीटर आहे. टीव्ही आहे, रिमोट माझ्याकडे राहील. तू रानात पाय मोडून पडलास तर शोधायला मला यायचं नाही, माझे गुडघे गेलेत. हो का नाही एवढंच कळव. नाही असेल तर तिथे शिवणयंत्र ठेवीन. डोरीन."

"पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी येतो," रॉस म्हणाला. "उत्तर तयार ठेव. आणि खरं सांगू? जा. या वर्षी तू सापळ्यांशीही बोलायला लागलायस. ते तर जिवंतही नसतात."

दीड वर्षापूर्वी हे पत्र आलं असतं तर मॉरिसने त्याच हेलिकॉप्टरमध्ये बसून उत्तर दिलं असतं. आता तसं नव्हतं. पेंडरची पुढची खेप रॉस येणार त्याच आठवड्यात होती. त्याने वहीतल्या तारखा तीनदा मोजल्या. मग मधल्या टापूतले सगळे सापळे मिटवले आणि निवाऱ्यात येऊन बसला.

हात रिकामे ठेवायची त्याला सवय नव्हती. शिवाय भेटायचं तर रिकाम्या हाताने कसं भेटायचं? त्याने नवी मूठ करायला घेतली. मताई लाकडाचा एक जुना खांब पुराबरोबर वाहून आला होता, त्याच्या दोन फळ्या काढल्या. जुन्या मुठीची पितळी रिबिटं ठोकून बाहेर काढली, ट्यूब सोडवली, सुतळी उलगडली. दीड वर्षाची सगळी बातचीत टेबलावर सुटी पडली. ती त्याने चुलीत घातली. लाकूड जुनं, तेल प्यायलेलं, चांगलं पेटलं. ट्यूबचा वास दुसऱ्या दिवसापर्यंत जात नव्हता.

नव्या मुठीचा आकार त्याच्या डोक्यात पक्का होता. कोपरा ज्या कोनात छिलला होता त्यावरून हात लहान. ट्यूब ज्या बाजूने ओढली होती त्यावरून बोटं लांब. दोरीच्या गाठीवरून स्वभाव शांत. त्याने मूठ तर्जनीपाशी बारीक केली, मधे हलकंसं पोट दिलं, शेवटी करंगळीला अडायला एक उतार काढला. डाव्या अंगाला अंगठ्यासाठी उथळ खळगा घेतला. बाटली फोडून तिच्या काचेने लाकूड तासलं, मग जवसाचं तेल पाच वेळा चोळलं. त्याच्या स्वतःच्या पंजात ती मूठ चमच्यासारखी वाटत होती. याचंच त्याला समाधान वाटलं.

मंगळवारी दुपारी, पाऊस लागलेला असताना, दार उघडलं आणि पाणी गळणारी एक उंच, रुंद बाई आत आली. तिने पाठीवरची पिशवी आपटली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"टकवेल ना तुम्ही? वहीतल्या अक्षरावरून वाटलंच होतं. बुटाने लिहिल्यासारखं अक्षर आहे तुमचं."

"हो," मॉरिस म्हणाला. बाकीचं त्याने चार दिवस घोकून ठेवलं होतं, पण ते आलं नाही. "हरणाचा रस्सा आहे."

"देवासारखे भेटलात. मी सकाळपासून दोन बिस्किटांवर चालतेय."

ती बसली. हात चुलीपुढे धरले. मॉरिसने ते हात पाहिले. फावड्यासारखे पंजे होते. आखूड, जाड बोटं. पण हात भिजून फुगलेला असू शकतो, असं त्याने स्वतःला समजावलं. रस्सा वाढला, पाव पुढे ठेवला आणि पावाशेजारी, सहज ठेवल्यासारखी, सुरी ठेवली.

व्हॅल पेंडरने खिशातून स्वतःचा घडीचा चाकू काढला, चीजचा तुकडा कापला आणि पाव हाताने तोडला.

"सुरी आहे की," मॉरिस म्हणाला.

"अरे हो. नवी मूठ दिसतेय." तिने ती उचलली. डाव्या हाताने. फिरवून पाहिली, परत धरली. खळगा तळहाताकडे आला आणि अंगठा हवेत राहिला. "सुंदर काम आहे हो. पण मी डावरी. आणि माझ्या हातात ही टूथब्रशसारखी वाटते."

मॉरिसने सुरी घेऊन पावाशेजारी परत ठेवली. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"जुनी बरी होती," व्हॅल खाता खाता म्हणाली. "काय एकेक प्रकार झाले होते तिच्यावर! तो शाळेचा मास्तर आला होता, आठवतंय, एकतीस जणांसाठी कांदे कापले बिचाऱ्याने. हाताला फोड आला म्हणून कोपराच छिलून टाकला. मी होते ना इथे त्या दिवशी."

"मास्तर," मॉरिस म्हणाला.

"मग ते हॉलंडचे. त्यांची ट्यूब फाटली, टाकून द्यायची म्हणून मुठीला चढवली. खात्याच्या माणसाने भोक पाडून दोरी लावली, सुरी सारखी बाकामागे पडायची म्हणून. मध्ये कुणीतरी सुतळी गुंडाळली आत. ते काही कळलं नाही कुणाला. ढेकूळ आल्यासारखं लागायचं हाताला."

"तुम्ही काही केलं होतं?" मॉरिसने विचारलं.

"मी? नाही हो. हां, एकदा धार लावली होती. चीज चिकटत होतं पात्याला."

"फेब्रुवारीत."

"असेल. का? चांगली नव्हती लागली?"

त्या मूर्खाला घातलेल्या शिव्या मॉरिसला एकेक करून आठवल्या. त्यातल्या काही जरा मेहनतीच्या होत्या.

"चांगली होती," तो म्हणाला.

"पण ही सुरी निवाऱ्याची ना? दारामागच्या यादीत आहे. तवा, फावडं, सुरी. जुनी मूठ कुठे गेली?"

"जाळली."

"आणि ही कुणासाठी केलीत?"

मॉरिसने थोडा विचार केला. "निवाऱ्यासाठी."

"मग निवाऱ्यासाठी जरा बारीक झालीय," व्हॅल म्हणाली आणि आणखी रस्सा मागितला.

जेवण झाल्यावर ती मागे जाऊन पर्जन्यमापक वाचून आली आणि डोकं पुसत म्हणाली, ही शेवटची खेप. पुढच्या महिन्यापासून तिथे बॅटरीवरचं यंत्र बसणार. पाऊस पडला की आपलं आपण कळवतं, माणूस लागत नाही. तिला वाईट वाटत नव्हतं. तिला टेकडी चढताना दम लागायचा.

मॉरिस उद्याच्या पावाची कणीक मळत होता. बराच वेळ मळत होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "हा गोळा जरा मुठीत दाबता का? सुरी धरल्यासारखा."

"कशाला?"

"हाताला काय हवं असतं ते कणकेत उमटतं. मी स्वतःचं नेहमी घेतो."

"आणि मग?"

"मग भाजतो. वाया कशाला घालवायचं?"

व्हॅल हसली, पण दाबला. डाव्या मुठीत, घट्ट. गोळ्यावर चार जाड बोटं आणि एक अंगठा उमटला. मॉरिसने तो दिव्याखाली नेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला. इतकं कुणी कुणाचा हात पाहत नाही. मग त्याने तो बिडाच्या भांड्यात इतर पावांबरोबर ठेवला.

सकाळी पाऊस थांबला होता. निघताना तिने तो पाव कागदात गुंडाळून पिशवीच्या वरच्या कप्प्यात टाकला. "खिंडीत बसून खाईन," म्हणाली, आणि खाल्लाही असणार. वहीत तिने नाव लिहिलं, तारीख लिहिली. किती जण: एक.

मॉरिसने दारामागे टांगलेला आपला रेनकोट बाजूला केला. वर्षानुवर्षं तो कोट तिथेच टांगत आला होता. कोटामागे खरंच यादी होती, आणि तिच्यात सुरीही.

बारीक केलेलं लाकूड परत जाड होत नाही. त्याने चमच्यासारखी मूठ काढली आणि उरलेल्या मताईच्या दोन नव्या फळ्या घेतल्या. आता त्याला बरेच हात डोळ्यापुढे दिसत होते. मास्तरचा नाजूक हात. हॉलंडवाल्यांचे, ब्रेक दाबून कडक झालेले. खात्याच्या माणसाचा, बहुधा हातमोज्यातला. एक डावा. डावरा हात आला म्हणून अंगठ्याचा खळगा गेला. लहान आणि मोठा दोन्ही बसायला हवे म्हणून पोट गेलं. हातमोजा असेल तर बोट अडू नये म्हणून करंगळीचा उतार गेला. एकाची सोय करायला जावं तर ती दुसऱ्याला टोचे, म्हणून ती काढून टाकावी लागे. संध्याकाळी काम संपलं तेव्हा त्याच्या हातात एक सरळ, लांबट गोल, कुठेही काहीही नसलेली मूठ होती. बावीस वर्षांपूर्वी दुकानात जशी मिळाली होती, अगदी तशी.

मागच्या टोकाला, खालच्या अंगाला, कोपरा राहिला होता. अंधार पडला होता, काच बोथट झाली होती. उद्या सकाळी घासू, असं ठरवून मॉरिस झोपला.

गुरुवारी पहाटेच हवा फिरली आणि रॉस दोन तास आधी आला.

"चल, चल, ढग उतरतायत!" तो ओरडला. "काय ठरलं मग?"

मॉरिसने त्याला डोरीनसाठी लिहिलेली चिठ्ठी दिली. तिच्यात एकच शब्द होता, 'हो', आणि खाली, शिवणयंत्र दुसरीकडे ठेव.

"आणि ती साबणवाली?"

"पाऊस मोजायला आली होती."

"पडला होता?"

"पडला होता."

मॉरिस सामान उचलायला आत गेला. सुरी टेबलावर होती. ती त्याचीच होती, बावीस वर्षांची. त्याने ती हातात घेतली, तळहातात कोपरा टोचला, आणि त्याने ती चुलीवरच्या खिळ्याला टांगली. या वेळी विसरून नाही. मग कोट घेतला आणि दार ओढलं.

नोव्हेंबरात खात्याचा माणूस वार्षिक तपासणीला आला. त्याने त्या सुरीने कांदा कापला, पाव कापला, तळहात चोळला आणि दारामागची यादी उतरवून भरायला घेतली. पाचव्या ओळीत त्याने लिहिलं: पावाची सुरी, एक. फेरफार नाही.